९ आणि १६ : उत्तर २५ की ४९?

प्रश्न निपाणीकडच्या एका मुलाचा आहे. मराठी माध्यमातून यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, बसतोय. त्याने लिहिले आहे ते असे: "काटकोन त्रिकोणाच्या आत दोन लहान काटकोन त्रिकोण आहेत, क्षेत्रफळे ९ आणि १६ चौ. सेंमी. एका गणितात काटकोनातून कर्णावर लंब टाकलाय, तिथे मोठ्या त्रिकोणाचे उत्तर २५ आहे. दुसऱ्यात कर्णावरच्या एका बिंदूतून दोन्ही बाजूंवर लंब टाकलेत, तिथे उत्तर ४९. दोन्हीकडे लहान त्रिकोण मोठ्याशी समरूपच आहेत. मग उत्तर वेगळे का? आणि पायथागोरस कुठे लावायचा, समरूपता कुठे, हे आकृती बघून कळते का?"

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. बेळगाव तालुक्यातल्या शाळांत तीस वर्षे गणित शिकवले, दर वर्षी दोन-चार पोरे याच जागी अडायची, आणि ती बहुतेक हुशार असायची. मठ्ठ पोरगा सूत्र घोकून मोकळा होतो. ९ आणि १६ दिसल्याबरोबर ज्याला ३, ४, ५ आठवते, तोच इथे घसरतो.

आधी सरळ हिशोब. पहिल्या गणितात लंबाने त्रिकोणाचे दोन तुकडे केले आणि मध्ये काही उरले नाही. ९ आणि १६ मिळून २५ ही चौथीतली बेरीज झाली, तिथे समरूपता लागलीच नाही. दुसऱ्या गणितात दोन लहान त्रिकोणांच्या मध्ये एक आयत राहतो. त्याचे क्षेत्रफळ दिलेले नाही, ते शोधायला समरूपता लागते. पण तुझ्या प्रश्नाचा गाभा त्याच्या पुढे आहे, म्हणून जरा लांबून येतो.

वहीचा जुना पुठ्ठा घे. १५ सेंमी बाय २० सेंमीचा आयत नीट काप. नीट म्हणजे गुण्या लावून. आपल्याकडचा गवंडी भिंत "गुण्यात आहे का" म्हणून बघतो, तोच गुण्या तुझ्या कंपासपेटीत आहे. आता आयत कर्णावर काप. दोन सारखे काटकोन त्रिकोण मिळाले, बाजू १५, २०, २५. एक तसाच ठेव. दुसऱ्याला नाव दे: काटकोन ब पाशी, अब १५, बक २०, कर्ण अक २५. ब मधून कर्णावर लंब टाक, तो कर्णाला ड मध्ये मिळू दे, आणि त्या लंबावर कात्री चालव. आता हातात तीन त्रिकोण आहेत. लहान तुकडा मोठ्यावर ठेवून कोन जुळवायला जा, सरळ ठेवलास तर जुळणार नाहीत. तुकडा पालथा घालावा लागतो. पोरांची निम्मी चूक या पालथ्यात आहे. आकृतीत तो तुकडा उलटा बसलेला असतो, डोळा त्याला सुलटा समजतो आणि संगत बाजू भलत्याच लिहितो.

पालथा घातलास की लहान तुकड्याच्या बाजू ९, १२, १५ निघतील, मधल्याच्या १२, १६, २०, आणि मोठ्याच्या १५, २०, २५ आहेतच. एकच त्रिकोण तीन मापांत. शर्टाचे ३, ४, ५ नंबर असावेत तसे.

कागदावर पुठ्ठा नसतो, म्हणून नावे लिहिताना एक शिस्त पाळ: काटकोनाचे अक्षर कायम मधे. मोठा अबक. लहान अडब, कारण त्याचा काटकोन ड पाशी आहे आणि अ हा कोन मोठ्याशी सामाईक आहे. तिसरा बडक, त्यात क सामाईक. एकाखाली एक लिही:

अ ब क
अ ड ब
ब ड क

आता आकृतीकडे बघायचेसुद्धा कारण नाही. पहिले आणि शेवटचे अक्षर जोडले की कर्ण: अक, अब, बक. म्हणजे लहान त्रिकोणांचे कर्ण ह्याच मोठ्या त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू. पहिली दोन अक्षरे जोड: अब, अड, बड. शेवटची दोन: बक, डब, डक. उभ्या रांगेत जे येते ते संगत. शेवटच्या दोन ओळींतून अड : बड = डब : डक, म्हणजे बड चा वर्ग = अड × डक. पुस्तकात ज्याला भूमितीमध्य म्हणतात तो एवढाच. १२ × १२ = ९ × १६, पडताळून बघ.

भाषेबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पुढे पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलास की हे डोके खाते. आपण ज्याला कर्ण म्हणतो त्याला कन्नड माध्यमातला तुझा मित्र विकर्ण म्हणतो, आणि तो "कर्ण" म्हणाला तर चौकोनाचा कर्ण समजायचा. मराठीत दोन्हीला कर्णच. शेजारी बसून अभ्यास करणारी दोन पोरे या एका शब्दावरून अर्धा तास भांडलेली मी पाहिली आहेत. आकृतीवर बोट ठेवल्यावर मिटले.

आता क्षेत्रफळ. तुझ्याकडे हत्यारे दोन आहेत आणि ती वेगळ्या कामाची आहेत. दोन त्रिकोणांची उंची एकच असेल, तर क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात. इथे वर्ग नाही, वर्गमूळ नाही, आणि त्रिकोण समरूप असायची गरजही नाही. दोन त्रिकोण समरूप असतील, तर क्षेत्रफळे संगत बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात. काटकोन त्रिकोणातल्या लंबाची गंमत अशी की अडब आणि बडक यांना दोन्ही नियम एकदम लागू पडतात. उंची दोघांची बड, म्हणून क्षेत्रफळे अड : डक. आणि दोघे समरूप, म्हणून क्षेत्रफळे कर्णांच्या वर्गांच्या प्रमाणात, अब² : बक². एकाच गोष्टीची दोन रूपे, तेव्हा अड : डक = अब² : बक². आपल्या पुठ्ठ्यावर ९ : १६ आणि २२५ : ४००, एकच.

चूक इथेच होते. क्षेत्रफळे ९ : १६ दिली की पोरगा वर्गमूळ काढतो आणि अड : डक = ३ : ४ लिहून मोकळा होतो. अड आणि डक संगत बाजू नाहीतच, वरच्या तीन ओळींत त्या वेगवेगळ्या रांगांत आहेत. वर्गमूळ घ्यायचे ते कर्णांसाठी, अब : बक = ३ : ४. पायासाठी ९ : १६ तसेच ठेवायचे.

आता तुझे दुसरे गणित. कर्ण अक वर बिंदू प. त्यातून अब वर लंब पम, बक वर लंब पन. लहान त्रिकोण अमप आणि पनक, दोन्ही मोठ्याशी समरूप. क्षेत्रफळे ९ आणि १६, म्हणून त्यांचे कर्ण ३ : ४. हे कर्ण कुठे आहेत बघ. अप आणि पक, दोन्ही मोठ्या कर्णावर एकापुढे एक मांडलेले. म्हणून मोठ्याचा कर्ण ३ + ४ = ७ भाग आणि क्षेत्रफळ ४९. आयताच्या वाट्याला ४९ − २५ = २४.

पहिल्या गणितातही लहानांचे कर्ण ३ : ४ च होते. पण तिथे ते एकापुढे एक नव्हते, एकमेकांना काटकोनात होते. काटकोनात मांडलेले ३ आणि ४ मोठ्याचा कर्ण ५ करतात, क्षेत्रफळ २५. सरळ रेषेत मांडले तर ७, क्षेत्रफळ ४९. लहान त्रिकोणांचे कर्ण कसे मांडलेत एवढेच बघायचे. असे गणित समोर आले की मी पहिल्यांदा लहान त्रिकोणांच्या कर्णांवर पेन्सिलने जाड रेघ ओढतो, मग प्रश्न वाचतो.

याच्यातून पायथागोरस फुकट मिळतो, तोही दाखवतो. पहिल्या आकृतीतले तीन त्रिकोण समरूप, म्हणून प्रत्येकाचे क्षेत्रफळ = काहीतरी ठरावीक संख्या × स्वतःच्या कर्णाचा वर्ग. ती संख्या तिघांना एकच, कारण आकार एकच. दोन लहान मिळून मोठा, म्हणून अब² + बक² = अक². सिद्धता संपली. युक्लिडने आपल्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या सहाव्या पुस्तकात आधी लंबाचे हे विधान मांडले, आणि पुढे ३१ व्या विधानात बाजूंवर चौरसच काय, कुठल्याही समरूप आकृत्या काढल्या तरी बेरीज जमते हे दाखवले. अर्धवर्तुळे काढून बघ पाहिजे तर. तेव्हा "पायथागोरस की समरूपता" हा प्रश्न मुळात तितकासा खरा नाही. लांबी दिली, लांबीच विचारली, आणि आकृतीत काटकोन त्रिकोण एकच असेल, तर पायथागोरस लावून मोकळे व्हायचे. काटकोन दोन दिसले आणि एखादा कोन सामाईक असला की समरूपता. क्षेत्रफळ दिले असेल तर लांब्या काढायची घाई करू नकोस, गुणोत्तरावर जितके पुढे जाता येईल तितके जा. ५४ आणि ९६ अशी क्षेत्रफळे असली तर आधी ६ ने भाग, ९ आणि १६ च निघतात.

आता एक जमिनीची गोष्ट, कारण दोन नियमांतला फरक मला स्वतःला पुरता समजला तो फळ्यावर नाही, बांधावर.

खानापूर तालुक्यात आमच्या नात्यातल्या दोघा भावांची वाटणी होती. रानाचा एक तुकडा काटकोन त्रिकोणी. एक बाजू रस्त्याला लागून १३२ फूट, तिला काटकोनात शेजाऱ्याचा बांध ९९ फूट, आणि तिसऱ्या बाजूला ओढा, तिरका, १६५ फूट. गुंठ्याचे माप ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३ फुटांची साखळी धरली तर बाजू ४, ३ आणि ५ साखळ्या, आणि क्षेत्रफळ ३ × ४ चे निम्मे, बरोबर ६ गुंठे. इतके सुबक रान मी पुन्हा पाहिले नाही.

थोरला म्हणाला, रस्त्याची बाजू मधोमध तोडू, ६६-६६ फूट दोघांना, आणि तिथून शेजाऱ्याच्या बांधाला समांतर दोरी ओढू. रस्ता दोघांना सारखा, वाटणी सारखी. धाकटा कबूल झाला होता. त्यांची आज्जी बांधावर बसून बघत होती, ती म्हणाली, "आणि ओढ्याकडचं टोक कुणाला? त्या टोकात म्हस तरी वळंल काय रे?"

आज्जीला समरूपता ठाऊक नव्हती, पण तिचे बोट नेमके तिथेच होते. समांतर दोरी मधोमध ओढली की टोकाचा त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप, बाजू निम्म्या, म्हणून क्षेत्रफळ पाव. टोकवाल्याला दीड गुंठा, दुसऱ्याला साडेचार. समांतर दोरीनेच निम्मे करायचे तर टोकापासूनचे अंतर १३२ च्या निम्म्यावर घेऊन चालत नाही, १३२ ÷ √२ घ्यावे लागते, साधारण ९३ फूट ४ इंच. मी तेच सुचवले आणि शहाणा ठरलो असे वाटले. लगेच थोरला उसळला: मग रस्त्याला मला ३८ फूटच राहतात!

तेही खरे. दोघांना रस्ता सारखा, जमीन सारखी, दोन्ही पाहिजे. मी वर्गमुळात अडकलो होतो आणि उत्तर पहिल्या नियमात पडले होते. रस्त्याचा मध्यबिंदू घ्यायचा, आणि दोरी समांतर न ओढता समोरच्या कोपऱ्यात न्यायची, जिथे शेजाऱ्याचा बांध ओढ्याला मिळतो. दोन्ही त्रिकोणांचा पाया ६६ फूट, उंची ९९ फूट, क्षेत्रफळ ३२६७ चौरस फूट, तीन-तीन गुंठे. शाळेत हीच रेघ आपण मध्यगा म्हणून काढतो. बांध तिरका आला, नांगर वळवताना दोघेही अजून कुरकुरतात, पण कुरकुर सारखी आहे.

त्याच तुकड्यात पुढे धाकट्याने विचारले होते, वाटणी न करता सगळ्या रानात एकच आयताकृती शेड घातली असती तर जास्तीत जास्त केवढी बसली असती? काटकोनाचा कोपरा धरून शेड घातली, तर ती म्हणजे तुझ्या दुसऱ्या गणितातला आयत. उरलेले दोन त्रिकोण य आणि र क्षेत्रफळांचे असतील तर आयत २√(य×र), आणि हे कधीच य + र च्या वर जात नाही. म्हणून आयत निम्म्यापेक्षा मोठा होत नाही, आणि प कर्णाच्या मध्यावर असतानाच निम्मा होतो: ४९.५ फूट बाय ६६ फूट, तीन गुंठे. तुझ्या २४ ला ४९ शी ताडून बघ, निम्म्याला अर्धा चौ. सेंमीच कमी.

भास्कराचार्यांचे एक गणित घेतल्याशिवाय मला काटकोन त्रिकोण संपवता येत नाही. जन्म १११४ चा. आपले गाव त्यांनी सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे. कुणी त्याला विजापूर म्हणतात, कुणी चाळीसगावाकडे नेतात. सीमावाद बाराव्या शतकापर्यंत मागे न्यायची सोय आहे, पण आपण गणित करू. 'लीलावती'त आहे: ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय. मोर तिरका झेपावतो आणि दोघे सारखेच अंतर जातात. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

भास्कराचार्यांची रीत सुटसुटीत आहे: खांबाचा वर्ग ८१, त्याला २७ ने भागले ३, २७ मधून वजा केले २४, निम्मे १२. पोरे हे पायथागोरस आणि समीकरणाने सोडवतात, हरकत नाही. समरूपतेने बघ. मोर म, बीळ ब, साप स, गाठ ग. गम आणि गस सारखे, म्हणून ग मधून मस वर टाकलेला लंब मस ला मध्ये मिळतो, त्या बिंदूला न म्हण. त्रिकोण सनग आणि सबम, दोन्हींत एक काटकोन, स सामाईक, को-को कसोटीने समरूप. सग : सम = सन : सब. सन हे सम चे निम्मे, म्हणून सग = सम² ÷ (२ × सब) = (८१ + ७२९) ÷ ५४ = १५. बिळापासून २७ − १५ = १२ हात. वर्गमूळ कुठेच काढावे लागले नाही, सम ची लांबीसुद्धा नको, तिचा वर्ग पुरला.

पेपरात लिहिण्याबद्दल. महाराष्ट्रातल्या तुझ्या चंदगड-गडहिंग्लजच्या मावसभावंडांना भूमितीचा पेपर वेगळा असतो, आपल्याकडे गणिताचा एकच पेपर, त्यामुळे भूमितीला वेळ कमी मिळतो. घाईत पोरे कारण लिहायचे गाळतात. कोणते दोन कोन सारखे, कोणता सामाईक, मग कसोटीचे नाव, मग समरूप त्रिकोण अक्षरांच्या योग्य क्रमाने. क्रम चुकला तर पुढचे सगळे प्रमाण चुकते. आणि "क्षेत्रफळांचे गुणोत्तर" लिहिताना कंसात कारण टाक, समान उंची की समरूप त्रिकोण. तो कंस तुलाच सांगतो की वर्ग घ्यायचा की नाही.

तो पुठ्ठा टाकून देऊ नकोस. तिन्ही त्रिकोणांत एकेक अंतर्वर्तुळ काढ. काटकोन त्रिकोणात अंतर्वर्तुळाची त्रिज्या म्हणजे काटकोनाच्या बाजूंच्या बेरजेतून कर्ण वजा करून निम्मे. मोठ्यात (१५ + २० − २५) ÷ २ = ५, मधल्यात ४, लहानात ३. पुन्हा ३, ४, ५, कारण त्रिज्यासुद्धा कर्णाच्याच प्रमाणात. पण तिन्हींची बेरीज कर: १२. तो लंब बड आहे. योगायोग नाही, कुठल्याही काटकोन त्रिकोणात तीन त्रिज्यांची बेरीज लंबाएवढीच येते. तिन्ही सूत्रे एकाखाली एक लिहून बेरीज केलीस की बाजू आपसात कटतात आणि लंब दोनदा उरतो, त्याचे निम्मे.

याच १५, २०, २५ च्या त्रिकोणात एक चौरस काटकोनाच्या कोपऱ्यात बसव, आणि दुसरा असा की त्याची एक बाजू कर्णावर पडेल. दोन्हींत मोठा कोणता, हे आधी डोळ्याने सांग, मग समरूपतेने काढ. पहिल्याची बाजू ६०/७ आणि दुसऱ्याची ३००/३७ आली पाहिजे.